प्रतिसाद : पाइपातलं मेण नुसत्या तापमानावरून कळेल का?

वर कोणीतरी लिहिलंय की कच्च्या तेलाच्या पाइपलाइनमध्ये पलीकडच्या टोकाला तेल गार यायला लागलं की समजायचं आत मेण (तेलातलंच, गार झालं की भिंतीवर थिजणारं) बसलंय. एवढं सोपं नाहीये हो. मेण म्हणजे थर्मासच, स्टीलपेक्षा साधारण 200 पट कमी उष्णता जाऊ देतं, म्हणजे 5 मिमी थर हा जवळजवळ मीटरभर जाड स्टीलसारखा अडवतो, मग फ्लो तेवढाच असेल तर तेल उलट जरा गरमच पोचणार ना! गार कधी येतं, तर फ्लो कमी झाला आणि तेल पाइपात जास्त वेळ रेंगाळलं की. दोन्ही परिणाम एकमेकांना खातात, म्हणून मेण किती बसलंय याचा हिशेब करणाऱ्या मॉडेलमध्ये प्रेशर घ्यावंच लागतं. आतला व्यास 10 टक्के घटला तरी त्याच फ्लोला, टर्ब्युलंट (खळाळता) असेल तर, प्रेशर ड्रॉप (दोन टोकांतला दाबाचा फरक) दीडपटीच्या वर जातो.

उघड्या पाइपाला बाहेरून थोडी उष्णता देऊन ती कशी उतरते ते बघता येतं, मेण असेल तिथे आतलं तेल ती पटकन ओढून घेऊ शकत नाही. पण मुंबई हायहून उरणला येणाऱ्या लाइनसारखं समुद्राखाली असेल तर वरचं काँक्रीट, वाळू हेच एवढं अडवतात की मेणाचा सिग्नल त्यात बुडून जातो.

आमच्याकडे डिसेंबरात खोबरेल थिजतं तेव्हा बाटली बघा, आधी कडेनेच धरतं, मधलं शेवटपर्यंत पातळ. पाइपातही सुरुवात गार भिंतीपासूनच, म्हणून मॉडेलमध्ये तेलाचं सरासरी तापमान नको, भिंतीचं घ्या.