४३ बाटल्या (सोसायटी ग्रुप, सोमवार सकाळ)

कुलकर्णी काकू, बी-४०२: काल क्लबहाऊसमध्ये मेंटॉर ट्रेनिंग झालं. मुलांना 'कमी विकत घ्या, टिकवून वापरा' शिकवणारी मोठी माणसं तयार करायला. आणि टेबलांवर काय, तर २०० मिलीच्या पाण्याच्या बाटल्या! अर्ध्या उष्ट्या. मी मोजल्या, ४३.

सेक्रेटरी: काकू, केटररने परस्पर आणल्या. नोंद घेतली आहे 🙏

जोशी काका, ए-३०४: कंपोस्ट शेडची चावी कोणाकडे आहे?

पराग, सी-१०१: रविवार घालवून आम्ही पाच तास बसलो, त्याचं कौतुक कोणी करणार का?

कुलकर्णी काकू: पाच तासांत मुलं किती बोलली? ओवीने हात वर केला तर तुम्हीच म्हणालात, "थांब बाळा, स्लाइड्स संपू देत."

पराग: ६२च होत्या.

शिंदे, बी-१०४: ६२ स्लाइड्स हेही प्रदूषणच की हो 😀

मीनल, ए-६०२: ट्रेनर बाई एवढंच सांगत होत्या, की मुलांनी विचारलं की लगेच उत्तर देऊ नका, उलट विचारा. आणि पैसे त्यांच्या हातात द्या. आपल्याकडे मुलांना ५०० रुपये हवे असतील तर कमिटीच्या तीन सह्या लागतात.

सेक्रेटरी: ऑडिट तुम्ही करणार का मॅडम?

जोशी काका: शेडची चावी?

पराग: ५,००० चौ. मी. च्या वरच्या सोसायट्यांनी ओला कचरा जमेल तितका आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांतच होतं. माझी स्लाइड नं. ४१ बघा.

शिंदे: स्लाइड जिरवा आधी. बाकी १२० मायक्रॉन जाडीची प्लास्टिक पिशवी कायदेशीर आहे, उगाच मला टोकू नका.

मीनल, ए-६०२: मी ओवी, आईच्या फोनवरून. शिंदे काका, ते केंद्राचं. आपल्या राज्यात कॅरीबॅगला २०१८ पासून बंदी आहे, जाडी कितीही असो.

शिंदे: आजकालची मुलं 🙏

जोशी काका: कोणीतरी चावीचं सांगा.

मीनल, ए-६०२: ओवीच. आम्ही आठ दिवस बी विंगचे ओल्या कचऱ्याचे डबे वजन केले. रोज सरासरी १४ किलो. निम्म्या शिळ्या पोळ्या आणि भात. कोणाच्या घरचं ते सांगणार नाही.

कुलकर्णी काकू: आमच्याकडे पोळ्या मोजून होतात हं.

मीनल, ए-६०२: कोणाचंच नाव घेतलं नाही काकू 😅 शनिवारी ५ वाजता पार्किंगमध्ये दुरुस्ती. मिक्सर, छत्र्या, सायकलच्या चेन. मेंटॉर लोकांनी यावं, पण स्क्रू आम्ही काढणार. तुम्ही फक्त मागितला तर पाना द्यायचा.

पराग: सुरुवातीला दोन शब्द बोललो तर चालेल ना?

मीनल, ए-६०२: दोनच.

सेक्रेटरी: पार्किंगसाठी लेखी अर्ज द्यावा.

मीनल, ए-६०२: गेल्या सोमवारी दिलाय काका. जोशी आजोबा, चावी माझ्याकडे आहे. पाडव्याला तुम्हीच दिली होतीत.

जोशी काका: अरे हो की. बरं, शेडचा दिवा रात्रभर कोण चालू ठेवतं?