ग्रुपच्या अल्बम कव्हरवर सगळे असे ओळीत का उभे असतात? आणि आम्ही काय करावं?

डेक्कनचा_बासवाला

मंडळी, सल्ला हवाय. आमचा पाच जणांचा मराठी पॉप ग्रुप आहे, तीन मुलं दोन मुली, सगळे कोथरूड-डेक्कन भागातले, आणि पहिला अल्बम दिवाळीच्या आधी ऑनलाइन काढायचाय. गाणी मिक्स-मास्टर होऊन आलीत, घोडं अडलंय ते कव्हरवर. फोटो काढणारा मित्र म्हणतो वेताळ टेकडीवर खाणीच्या कडेला काळे कपडे घालून उभं राहायचं, गाणारी मधे, बाकीचे दोन-दोन बाजूला, कोणी हसायचं नाही आणि कोणी कॅमेऱ्यात बघायचं नाही. हे मी इतक्या ग्रुपच्या कव्हरवर बघितलंय की त्यात आमचं कुठलं ते कोणालाच कळणार नाही. पण ड्रमवाला म्हणतो सगळेच तसं करतात म्हणजे त्यात काहीतरी अर्थ असणारच ना, उगाच वेगळेपणाच्या नादात हा ग्रुप आहे हेच लोकांना कळलं नाही तर?

तर मला समजून घ्यायचंय की हे ठरलेले प्रकार आले कुठून, आणि त्यातलं काय घ्यावं काय सोडावं. चेहरे टाकावेत की नाही इथपासून सुरुवात आहे. लोगो वगैरे काही नाही अजून, बजेट बेताचं.

निळी_पेन्सिल

ड्रमवाल्याचं अर्धं बरोबर आहे. एकट्या गायकाचं कव्हर त्या मानाने सोपं, चेहरा मोठा लावला की झालं. ग्रुपमधे चार-पाच चेहरे, उंची वेगळी, कपड्यांची आवड वेगळी, आणि बघणाऱ्याला एका नजरेत वाटलं पाहिजे की हे एकत्र आहेत. म्हणून कुठली तरी एक गोष्ट सगळ्यांना सारखी लावतात. काळे कपडे हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय, बाकी काही नाही, म्हणून तो सगळीकडे दिसतो.

१९६३ चं 'विथ द बीटल्स' मोठं करून नीट बघ. रॉबर्ट फ्रीमनने तो फोटो बोर्नमथच्या एका हॉटेलात काढला, उजेड फक्त एका बाजूच्या खिडकीचा, मागे गडद पडदा. अंगात काळे पोलो नेक (उंच गळ्याचे स्वेटर), त्यामुळे खांदे अंधारात विरघळून जातात आणि उरतात चार अर्धे उजळलेले चेहरे. आता चौघांना एका ओळीत घेतलं असतं तर चौकोनात वर-खाली जागा रिकामी पडली असती, म्हणून तिघं वर आणि रिंगो खाली उजव्या कोपऱ्यात, तो ग्रुपमधे सगळ्यात शेवटी आलेला आणि उंचीलाही कमी. म्हणजे कोण कुठे हे कव्हरच्या आकाराने ठरवलं, मानापमानाने नाही. आणि इथे काळे कपडे आहेत ते त्या उजेडासाठी आहेत! तुम्ही भर उन्हात खाणीवर काळे कपडे घालणार, तर त्याचा काय उपयोग?

मग क्वीन या ग्रुपचं १९७४ चं 'क्वीन टू', मिक रॉकने काढलेलं, काळ्यातून वर आलेले चार चेहरे पतंगाच्या चार टोकांसारखे मांडलेले. क्राफ्टवेर्क या जर्मन ग्रुपच्या १९७८ च्या 'द मॅन मशीन'वर लाल शर्ट, काळे टाय आणि चौघांच्या नजरा एकाच दिशेला. ब्लॉन्डीचं 'पॅरलल लाइन्स' (हेही १९७८ चंच) मला सगळ्यात आवडतं, पाच पुरुष काळ्या सुटात छान हसतायत, मधे गायिका डेबी हॅरी पांढऱ्या ड्रेसमधे, कमरेवर हात आणि हसू अजिबात नाही, मागे काळे-पांढरे पट्टे. गायिका मधे ठेवायची तर ही अशी ठेवायची, रंगापासून चेहऱ्यापर्यंत ती वेगळी आहे आणि तरी तुटलेली वाटत नाही कारण मागचे पट्टे सगळ्यांना बांधून घेतात.

तुमच्या खाणीच्या फोटोत तसं बांधणारं काय आहे ते आधी सांग. ते ठरलं की बाकी सुटतं.

जुनाबाजार_रविवार

वरच्या प्रतिसादाला +१. मी रेकॉर्ड जमवतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

ग्रुपचं नाव जुन्या कव्हरवर बहुतेक वरच्या भागात का असतं? दुकानात एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, उभ्या लावलेल्या असायच्या, गिऱ्हाईक बोटांनी एकेक पुढे ढकलत बघायचं, त्यात दिसतो फक्त वरचा पट्टा. मंगळवार पेठेत जुन्या बाजारात कोणी खोकं भरून रेकॉर्ड घेऊन बसलेला असेल तर आजही तसंच बघावं लागतं. ज्यांचे चेहरे जगाला पाठ झाले त्यांनी हा नियम मोडला, १९६५ च्या 'रबर सोल'वर ग्रुपचं नाव नाही आणि १९६९ च्या 'ॲबी रोड'वर पुढे एकही अक्षर नाही. तुम्ही अजून त्या जागी नाही, तेव्हा नाव टाका आणि वाचता येईल असं टाका.

मग आली कॅसेट, एलपीसाठी काढलेला चौकोनी फोटो उभ्या इनलेवर (डबीतल्या कागदावर) बसवायचा म्हणजे वर किंवा खाली रंगाचा पट्टा ओढून त्यात नाव परत लिहायचं. माणसं एवढीशी व्हायची. कर्वे रोडला अलूरकरांच्या दुकानात कॅसेटी बघताना कितीतरी ग्रुपमधे कोण कोण आहे तेच कळायचं नाही. मोबाईलवर आता पुन्हा तीच गत आहे.

पण मला खरं बोलायचंय ते माणसामाणसातल्या अंतराबद्दल, कारण बघणारा नकळत तेच वाचतो. बीटल्सचं पहिलं कव्हर, 'प्लीज प्लीज मी', अँगस मॅकबीनने लंडनला ईएमआयच्या ऑफिसच्या जिन्यात काढलं, चौघं वरच्या कठड्यावरून खाली वाकून बघतायत, खांद्याला खांदा, हसतायत. आणि १९७० चं 'लेट इट बी' बघा, चार वेगळे फोटो चार वेगळ्या चौकोनांत, मधे काळी रेघ. ग्रुप तोवर मोडला होता आणि कव्हर ते लपवत नाही. आबा (ABBA) या स्वीडिश ग्रुपचं १९८१ चं 'द व्हिजिटर्स' घ्या. मोठी अंधारी खोली, चौघं चार ठिकाणी, कोणी कोणाकडे बघत नाही. दोन्ही जोडप्यांचे संसार मोडलेले होते, हे माहीत नसलं तरी तो फोटो बघून पोटात कालवतं. म्हणून म्हणतो, पहिल्याच अल्बमला टेकडीवर पाच जण पाच दिशांना बघत उभे राहिले तर ते तुम्हाला स्टायलिश वाटेल, बघणाऱ्याला वाटेल यांचं बिनसलंय.

टेकडी सोडा. ओळखीत कोणाचा पेठेत वाडा उरला असेल तर लाकडी जिना आणि वरचा कठडा बघा, खाली उभं राहून वर कॅमेरा लावा. नुसती नक्कल होईल असं वाटलं तर खिडकीपाशी काढा.

चिंचवडची_आर्मी

सगळं पटलं पण तुम्ही सगळे फोटोवरच का अडलात? के-पॉपमधे, म्हणजे कोरियन पॉपमधे बघा, चेहऱ्यांचं काम आत गेलंय. एका अल्बमच्या चार-चार आवृत्त्या, जाड फोटोबुक, आणि आत ग्रुपमधल्या कोणाचं फोटोकार्ड (छोटं फोटोचं कार्ड) निघेल ते नशीब, मग आमची अदलाबदल चालते. बीटीएस या सात जणांच्या ग्रुपची 'लव्ह युवरसेल्फ' मालिका बघा, २०१७ च्या पहिल्या अल्बमच्या एल, ओ, व्ही, ई अशा चार आवृत्त्या होत्या आणि पुढे फुलाची साधी रेषा, चेहरा एकही नाही. सात जण एवढ्याशा चौकोनात घातले असते तर कोणीच दिसलं नसतं! त्यापेक्षा एक खूण ठरवा आणि ती पोस्टरवर, टी-शर्टवर, सगळीकडे तीच वापरा. आबाचंच उदाहरण, १९७६ पासून त्यांच्या नावातला तो उलटा बी, रून सोडरक्विस्टने केलेला, अजून कोणीही ओळखतं.

जुनाबाजार_रविवार

@चिंचवडची_आर्मी बीटीएसचे चेहरे लोकांना आधीच माहीत होते की. आबाचंही तेच, उलटा बी आला तोवर १९७४ ची युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा जिंकून झाली होती. नव्या ग्रुपला लोकांनी कशावरून ओळखायचं, नुसत्या फुलावरून?

चिंचवडची_आर्मी

काका, पण नवा ग्रुप लोकांना आधी रीलमधे दिसतो, चेहरे तिथे कळतातच. गाण्यांच्या यादीत ते कव्हर करंगळीच्या नखाएवढं असतं, तिथे पाच चेहरे म्हणजे पाच ठिपके.

डेक्कनचा_बासवाला

सगळ्यांचे आभार, रात्री ग्रुपवर हे सगळं वाचून दाखवलं. टेकडी रद्द. कीबोर्डवाल्याच्या आजोबांचा शनिवार पेठेत वाडा आहे, माजघराला एकच खिडकी, तिथे दुपारी छान तिरपा उजेड येतो. काळ्याऐवजी सगळ्यांनी पांढरं घालावं असं एक मत आहे. दोन गोष्टी अजून अडल्यात: पाच जण चौकोनात कसे बसवायचे, आणि गायिकेला मधे नको वाटतंय, ती म्हणते गाणी सगळ्यांनी मिळून केलीत मग मी एकटीच का मधे.

निळी_पेन्सिल

तिचं ऐक. तिघं मागे उभे, दोघं पुढे बसलेले, आणि डोकी एकमेकांच्या जवळ आण, इतकी जवळ की प्रत्यक्ष उभं राहताना अवघडल्यासारखं वाटेल, फोटोत ते बरोबर दिसतं. पांढऱ्याला माझा विरोध, खिडकीच्या उजेडात पांढरं आधी पेटतं आणि चेहरे मागे पडतात. गडद पण काळा नाही असा एकच रंग घ्या, विटकरी किंवा गडद हिरवा, लक्ष्मी रोडला एकाच ताग्यातून कापड घेतलं तरी चालेल. अंधाऱ्या बाजूला रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा पांढरा पडदा) लावू नका, तो अंधारच तुमचं काम करणार आहे.

जागा बदलून बदलून फोटो काढा, प्रत्येक जण एकदा मधे एकदा कडेला. 'ॲबी रोड'साठी इयान मॅकमिलनने शिडीवरून फक्त सहा फोटो काढले, पोलिसाने तेवढा वेळ गाड्या थांबवल्या होत्या, आणि त्यातला पाचवा निवडला कारण त्यात चौघांची पावलं एका लयीत उघडी आहेत. ते आधी ठरवून येत नाही, फोटो समोर मांडल्यावरच दिसतं.

फाइल ३००० बाय ३००० पिक्सेलची चौकोनी ठेव, गाणी ऑनलाइन चढवून देणारे बहुतेक डिस्ट्रिब्यूटर तेवढीच मागतात. वेबसाइट, इन्स्टाचं हँडल, किंमत यातलं काही कव्हरवर टाकू नकोस, परत पाठवतात. आणि आर्मीचा मुद्दा सोडू नका, फोटो निवडताना प्रत्येक फ्रेम मोबाईलवर नखाएवढी करून बघा, पाच जणांचा मिळून एक आकार दिसला तर ती ठेवा, ठिपके दिसले तर बाद. नाव देवनागरीतच असेल ना? मग वेलांट्या आणि मात्रांना डोक्यावर जागा लागते, वरच्या कडेला चिकटवलं तर लहान आकारात त्या आधी गायब होतात.

शूट झालं की तीन-चार फ्रेम इथे टाक, नाव न लावता.