पायथनच्या रेफरन्समधलं तिसरं प्रकरण फोडावं का?

खटपट्या:
पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा लँग्वेज रेफरन्स (भाषेच्या नियमांचा अधिकृत दस्तऐवज) सलग वाचायला घेतलाय. दहा प्रकरणं. दुसऱ्यात टोकन, इंडेंटेशन वगैरे, ठीक. तिसरं 'डेटा मॉडेल' उघडलं की डिस्क्रिप्टर आणि मेटाक्लास असले प्रगत विषय अंगावर येतात. साधी बेरीज सहाव्यात, क्लास कसा लिहायचा ते आठव्यात! बाराखडीआधी समास. माझं मत: ३.१ आणि ३.२ (ऑब्जेक्ट, प्रकार) जागेवर ठेवा. ३.३ पासूनच्या डंडर मेथड (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या खास मेथड) आणि कोरूटीन (मधेच थांबून पुन्हा चालू होणारी फंक्शन) उचलून शेवटाकडे न्या.

रात्रपाळी:
सलग वाचायला सांगितलं कोणी? पहिल्याच प्रकरणात लिहिलंय, हे ट्युटोरियल नाही. आणि सहाव्यात बेरजेखाली काय आहे? ती डंडर अ‍ॅड या मेथडने बदलता येते. मग ती मेथड आधी नको?

खटपट्या:
सलग वाचायचा नाही, शब्दकोशासारखा चाळायचा म्हणतोस? शब्दकोश असता तर अकारविल्हे तरी असता. काल 'असिंक विथ' (कोरूटीनमध्ये वापरायचं एक विधान) शोधत होतो. वाक्यरचना आठव्यात, त्याला लागणारी डंडर ए-एंटर मेथड तिसऱ्यात, त्यासोबतचं अवेट सहाव्यात. तीन टॅब उघडून बसलो.

बखरकार:
हलवाहलवीचा हिशोब कोण देणार? २०१२ ला पायथनच्या ३.३ आवृत्तीत इम्पोर्टचं प्रकरण पाचवं म्हणून मधेच घुसवलं. तुलनेचे नियम ५.९ मध्ये होते, ते ६.९ झाले. ३.५ आवृत्तीत अवेटचा विभाग आला, झाले ६.१०. आमच्या जुन्या कोडात "पाहा ५.९" अशा कमेंटी अजून आहेत. नवी पोरं विचारतात, हे काय?

खटपट्या:
कमेंटीत नंबर लिहिणाऱ्याची चूक. सी++ भाषेचं मानक बघा: एक्स्प्रेशन्सचं प्रकरण सी++१४ मध्ये पाचवं, १७ मध्ये आठवं, २० मध्ये सातवं. कुणाचं काही अडलं नाही, कारण विभागाला कायमचं नाव आहे, 'एक्स्पर'. सगळे तेच लिहितात.

बखरकार:
पायथनलाही आहेत की नावं. पण लिंकमध्ये आधी पानाचं नाव येतं, मग विभागाचं. मजकूर दुसऱ्या पानावर नेलास तर जुनी लिंक ४०४ (पान सापडत नाही, ही चूक) सुद्धा देत नाही. डेटा मॉडेलचं पान उघडतं, अगदी वरून, आणि माणूस खाली स्क्रोल करत बसतो. त्यापेक्षा ४०४ परवडला.

रात्रपाळी:
+१. हा मुद्दा मला सुचला नव्हता.

खटपट्या:
हे मान्य. मग जुन्या पानावर ती शीर्षकं रिकामी ठेवा, खाली एक ओळ: 'हे आता तिकडे'. नवं प्रकरण शेवटच्या, म्हणजे व्याकरणाच्या प्रकरणाआधी टाकलं तर फक्त दहाव्याचं अकरावं होईल. तुझं ६.१० जागेवरच राहील.

बखरकार:
एवढी सगळी रिकामी शीर्षकं? तू ठेवणार असशील तर ठेव बाबा.