हेलिकल पाइल : सर्पिल, मळसूत्री की आणखी काही?

निळीशाई
मंडळी, पाया घालण्याच्या कामावरची एक माहितीपुस्तिका मराठीत आणते आहे. तिच्यात 'हेलिकल पाइल' पानोपानी येतो. पाइल म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेला खांब. ही वस्तू अशी : पोलादी दांडा, खालच्या टोकाशी वेल्डिंगने जोडलेली एक, दोन किंवा तीन वळणदार पाती, आणि हे सगळे यंत्राने फिरवत फिरवत जमिनीत उतरवायचे. मी 'सर्पिल स्थूणा' लिहिले. संपादकांनी समासात नुसते प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला. काय लिहावे?

बाराबंदी
सर्पिल नकोच. सर्पिल दीर्घिकेतला सर्पिल आठवा : वळण केंद्रापासून लांब लांब जाते, पण राहते एकाच पातळीत. इथे उलटे आहे. दांड्यापासूनचे अंतर तेच राहते आणि पातळी बदलत जाते. या आकाराला मराठीत जुना, रुळलेला शब्द आहे, मळसूत्र. स्क्रूलाही आपण मळसूत्रच म्हणायचो. (डीएनएच्या रचनेला सर्रास 'दुहेरी सर्पिल' म्हणतात, तिथे आता कोण भांडणार!)

'स्थूणा' मात्र मला आवडला. संस्कृतात स्थूणा म्हणजे घराचा खांब. त्यावरून 'स्थूणानिखननन्याय' आहे : खांब रोवताना तो पुन्हा पुन्हा हलवून बघतात आणि घट्ट करतात, तसे एखादे मत शंका काढून काढून पक्के करायचे. पाइलला याहून घरंदाज शब्द कुठे मिळणार?

खडीवाला
बाराबंदी, न्याय झकास आहे, पण या पाइलला नेमके तेच चालत नाही. ती हलवून घट्ट होत नाही, हलवली की माती मोकळी होते आणि ताकद जाते. पात्याच्या एका फेऱ्यात पाइल ठरावीक अंतर खाली गेली पाहिजे. नेहमीच्या पात्यांत हे अंतर ७५ मिलिमीटरच्या आसपास असते. सगळ्या पात्यांचे हे अंतर सारखे ठेवतात, म्हणजे वरचे पाते खालच्याने कापलेल्या वाटेनेच जाते. पाइल नुसती जागच्या जागी फिरायला लागली तर ती माती घुसळते आहे, रुतत नाही. अशा वेळी चालवणारा वरून दाब वाढवतो, फिरवण्याचा वेग वाढवत नाही. तेव्हा 'मळसूत्री' शंभर टक्के बरोबर, कारण सगळी मेख त्या आट्यांतच आहे.

स्थूणा तेवढी पुस्तकात ठेवा. साइटवर म्हटलीत तर मुकादम विचारेल, ही कोण बाई? आम्ही सरळ 'स्क्रू पाइल' म्हणतो.

निळीशाई
'मळसूत्री पाइल' घेते. आता क्रियापद. पुस्तिकेत 'इन्स्टॉल' आहे. मी 'पाइल मारणे' लिहिले होते, सगळीकडे तेच ऐकते.

खडीवाला
मारतात ती हातोड्याची पाइल. भोक पाडून काँक्रीट ओततात तिलाही सवयीने 'मारली'च म्हणतात. ही मात्र फिरवून उतरवतात. एक्सकॅव्हेटरच्या हाताला हायड्रॉलिक मोटर लावतात, मिनिटाला साधारण १० ते २० फेरे, बस. आवाज नाही, हादरा नाही, बाहेर काढायची माती नाही. 'उतरवणे' लिहा.

ओंटारिओकर
इकडे कॅनडात घरामागच्या लाकडी डेकखाली हेच पाइल सर्रास असतात. कारण थंडी. जमिनीतले पाणी गोठले की माती फुगते आणि पाया वर ढकलते. दक्षिण ओंटारिओत साधारण ४ फुटांपर्यंत जमीन गोठते असे धरून कामे करतात, म्हणून पाते त्याच्या बऱ्याच खाली ठेवायचे. वरची माती दांड्याला धरून उचलू बघते, खाली पाते त्याला पकडून ठेवते. दांडा बारीक असल्यामुळे मातीला धरायला मुळात जागाही कमी मिळते.

माझा प्रश्न : 'टॉर्क'ला, म्हणजे पाइल फिरवायला लागणाऱ्या जोराला, काय म्हणाल? इकडे डेक उभारणारेही पाइल उतरताना डोळे त्या आकड्यावर ठेवतात.

बाराबंदी
पीळ. दुसरा शब्द शोधूच नका. सुंभ जळाला तरी जात नाही तोच हा.

खडीवाला
पीळ मान्य, आणि या पाइलचे खरे वैशिष्ट्य तिथेच आहे. बाकीच्या पाइलची ताकद नंतर भार टाकून तपासावी लागते. हिची उतरवतानाच कळत जाते. माती जितकी घट्ट तितका पीळ जास्त लागतो. सूत्र साधे : अंतिम भारक्षमता म्हणजे शेवटचा पीळ गुणिले एक गुणक. हा गुणक दांड्यावर ठरतो. दीड इंची चौकोनी दांड्याला मीटरमागे साधारण ३३, साडेतीन इंची गोल नळीला साधारण २३. दांडा जाड झाला की गुणक उतरतो, कारण पिळाचा मोठा वाटा दांड्याच्या घर्षणातच खर्च होतो, पात्यापर्यंत पोचतच नाही.

उदाहरण घ्या. साडेतीन इंची नळी, शेवटी पीळ १० किलोन्यूटन-मीटर. २३ ने गुणा, २३० किलोन्यूटन. सुरक्षेसाठी २ ने भागा, ११५. म्हणजे पावणेबारा टनांच्या आसपास. पीळ एका क्षणाचा धरायचा नाही, शेवटच्या मीटरभरातली सरासरी धरायची. एखादा दगड लागून आकडा उसळतो आणि लोक खूश होऊन तिथेच थांबतात. खाली चिखल असू शकतो!

म्हणून नुसत्या पिळावर विसंबायचे नाही, आधी माती तपासायचे भोक (बोअरहोल) घेऊन हिशेब मांडायचा. चिकणमातीत एका पात्याची ताकद म्हणजे पात्याचे क्षेत्रफळ गुणिले मातीचा चिकटपणा गुणिले ९. ३०० मिलिमीटरचे पाते, चिकटपणा १०० किलोपास्कल, दांड्याची जागा वजा केली की सुमारे ५८ किलोन्यूटन येतात. पात्यांमध्ये व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवले की प्रत्येक पाते स्वतंत्र धरून बेरीज करता येते. आणि पाते जितके दाबाला तितकेच उपटीला काम करते. 'अपलिफ्ट'ला 'उपट' लिहा, साइटवर लगेच कळेल.

निळीशाई
'उपट' घेतला! एक शंका. माझ्या ओळखीच्या एका इंजिनिअरने हेच वर्णन ऐकून 'म्हणजे अंडर-रीम्ड पाइल' असे सांगितले. तेच का?

खडीवाला
नाही हो. ती काळ्या मातीसाठीची पाइल, रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्याकडे रुजवली. भोक पाडायचे, तळाशी ते रुंद करून फुगा तयार करायचा आणि काँक्रीट भरायचे. फुग्याचा व्यास खोडाच्या साधारण अडीचपट. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, म्हणून तिथे पाइल किमान साडेतीन मीटर खोल न्यायला सांगतात. रुंद भाग खाली नेऊन अडकवायचा, ही कल्पना दोघींची एकच. पण तिला 'फुगीर बुंध्याची' म्हणा, मळसूत्री नव्हे.

आणि मुंबईत ही फिरवायची पाइल फार दिसत नाही याचे कारण खाली आहे. बेसॉल्ट लागला की पाते पुढे जात नाही, वाकते. तिथे खडकात भोक पाडणारी रिगच हवी. उलट अगदी पातळ गाळातही बारीक दांडा भाराखाली वाकू शकतो, तेव्हा जाड नळी घ्यावी लागते.

बाराबंदी
गाळावरून आठवले. हा शोध मुळात गाळासाठीच आहे. आयर्लंडचा अलेक्झांडर मिचेल, तरुणपणीच अंध झालेला. त्याने १८३३ साली पेटंट घेतले तेव्हा डोळ्यापुढे जहाजे बांधून ठेवायची सोयही होती, म्हणजे उपट आधीपासून होतीच. टेम्सच्या मुखाशी मॅप्लिन सँड्सच्या वाळूत १८३८ साली ९ खांब उतरवले, प्रत्येकाला ४ फूट व्यासाचे पाते. तराफ्यावर रहाट मांडून माणसे गोल गोल चालत ते पिळत. त्या खांबांवरच्या दीपगृहाचा दिवा १८४१ साली लागला. पुढे ही रीत आपल्या दारातही आली. बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेने गुजरातपासून वसईच्या खाडीपर्यंतचे पूल बांधले त्यात बिडाचे मळसूत्री खांब वापरले. भडोचला नर्मदेवरच्या पहिल्या पुलाची पुरांनी वारंवार मोडतोड केली. १८८१ साली त्याच्या जागी गोल्डन ब्रिज आला.

त्या काळी आपल्याकडच्या कामगारांनी या खांबांना काय म्हटले असेल, ते मिळाले तर ही चर्चा एका ओळीत संपेल.

ओंटारिओकर
मध्येच एक. खडीवाला 'ती पाइल' म्हणतात, निळीशाई 'तो'. पुस्तिकेत काय?

खडीवाला
फाइल, टाइल, स्टाइल सगळ्या ती. पाइलनेच काय पाप केले?

बाराबंदी
खांब तो, म्हणून पाइल तो. एका पुस्तिकेत एकच ठेवा, एवढेच मागणे.

निळीशाई
'तो' ठेवते, खडीवाला रागावू नका. शेवटचे : 'हेलिक्स प्लेट'ला मी 'चकती' लिहिले आहे, वर तुम्ही सगळे 'पाते' म्हणता.

खडीवाला
चकती सपाट आणि बंद असते. ही एका बाजूने कापून दोन कडा वरखाली ताणलेली असते, म्हणून तर ती मातीत शिरते. पाते लिहा. आणि दांडा कमी पडला की वरून जो तुकडा बोल्टने जोडतात त्याला 'जोडदांडा'. त्याला पाते नसले तरी चालते, पण खालच्या दांड्याशी तो सरळ रेषेत बसला नाही तर पुढचा सगळा पीळ खोटा येतो. पुस्तिकेत हे वाक्य नसेल तर अनुवादकाच्या हक्काने घाला.