मदत हवी आहे: मार्क्ड-अनमार्क्ड समजावायला मराठी उदाहरणं

मंडळी, भाषाविज्ञानाच्या वर्गात पुढच्या आठवड्यात मला या विषयावर बोलायचंय. १९३०च्या दशकात त्रुबेत्स्कॉय आणि याकबसन या भाषाशास्त्रज्ञांनी मांडलेली ही कल्पना: जोडीतला एक शब्द साधा, सर्वसमावेशक (अनमार्क्ड), दुसरा खास (मार्क्ड). आपण 'किती उंच आहे?' विचारतो. 'किती बुटका आहे?' विचारलं, तर बुटकेपणा आधीच ठरवून टाकलेला असतो!

प्राण्यांत मजा आहे. मांजर म्हटलं की नर-मादी दोन्ही, बोका मात्र फक्त नर. कुत्र्यात उलट, तिथे पुल्लिंगी शब्दच सगळ्यांना चालतो. गोठ्यातल्या 'म्हशी' मोजताना मात्र रेडा त्यात धरतात का? शेती करणाऱ्यांनी सांगा.

खरी अडचण क्रियापदांची: तिथे साधं रूप कोणतं मानायचं? तुर्कीत गेल्दिम (मी आलो), गेल्दिन (तू आलास), पण 'तो आला' म्हणजे नुसतं गेल्दि, व्याकरणातल्या पुरुषाचा (मी-तू-तो दाखवणारा) प्रत्ययच नाही. इंग्रजी वर्तमानकाळात नेमका 'तो'लाच 'स' चिकटतो. मराठीत 'गेला'वर स चढून 'गेलास' होतं, पण काही भागांत नुसतं 'तू गेला' म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात? बाईला 'तू गेलीस' की 'तू गेली'? गाव-तालुक्यासह लिहिलंत तर फार उपयोग होईल.