कंपनी मोडली, नाटक उरलं: मराठीला पुन्हा पगारी नाटकमंडळी हवी का?

रंगपट
गेल्या रविवारी एक चालतं नाटक पाहिलं. धाकट्या भावाच्या कामाला बदली नट होता. काम वाईट नव्हतं, पण प्रत्येक वाक्याआधी तो समोरच्याच्या ओठांकडे बघायचा, याचं संपलं की माझं सुरू, असं. मूळ नट म्हणे मालिकेच्या शूटिंगला अडकलेला. घरी येईपर्यंत डोक्यात एकच विचार होता: शंभर वर्षांपूर्वी हे झालं नसतं.

झालं नसतं, कारण तेव्हा कंपनी होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक केले. दोन वर्षांनी 'सौभद्र'. १८८५ ला अण्णासाहेब गेले. मूळ माणूस गेला, पण मंडळी राहिली! भाऊराव कोल्हटकर होते, देवल होते, १८९९ ला 'शारदा' आलं, १९०५ ला बालगंधर्व आले, १९११ ला खाडिलकरांचं 'मानापमान'. म्हणजे तीस वर्षं एकाच बिऱ्हाडात नाटकांचा साठा वाढत गेला. आज 'सौभद्र', उद्या 'शारदा', परवा पुन्हा 'शाकुंतल'. सकाळी तालीम, दुपारी पंगत, रात्री खेळ. दुसऱ्याचं काम ऐकून ऐकूनच पाठ. रेपर्टरी, म्हणजे अनेक नाटकं तयार ठेवणारा कायमचा संच, म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची रेपर्टरी १९६४ पासून आहे. कर्नाटक सरकारने १९८९ मध्ये म्हैसूरला 'रंगायण' काढलं, ब. व. कारंतांच्या हाती दिलं. आणि जिथे नाटकाचं वेड घराघरांत आहे म्हणून आपण छाती फुगवतो, तिथे काय? वीस-पंचवीस नट, महिन्याचा पगार, पाच-सहा नाटकं कायम तयार. एवढी एक मंडळी सरकारने पोसावी, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोध असेल तर या.

तिसरी घंटा
आलो.

रंगपट, तुम्ही ज्याला बिऱ्हाड म्हणता त्याचं दार आतून कसं होतं तेही बघा. केशवराव भोसले स्वदेशहितचिंतक मंडळीत आले ते पोरवयात, आणि 'शारदा' होऊन गाजले तेही पोरवयातच. शाळा वगैरे कुठली? तालीममास्तर हाच मास्तर. त्या सुखी घरात बाईला जागा नव्हती हे तर तुम्ही सोयीने विसरलात. बदली नट दिसला नसता म्हणता ना? नसताच दिसला. कारण मूळ नटाला जायला दुसरी जागाच नव्हती.

आणि ज्यांना जागा होती ते गेलेच की. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे टेंबे सुटले, बोडस सुटले, कर्ज एकट्या बालगंधर्वांच्या डोक्यावर. दीनानाथ मंगेशकर १९१४ ला किर्लोस्करमध्ये आले, १९१८ ला स्वतःची 'बलवंत' मंडळी काढून मोकळे. ही रेपर्टरी नव्हे, ही एका गळ्याभोवती उभी केलेली दुकानं होती. गळा हलला की दुकान हललं.

बोलपट आले तेव्हा काय झालं? बलवंतवाल्यांनी सिनेमा काढला. बालगंधर्व १९३५ ला 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. तुमचा तो मालिकेत अडकलेला नट याच परंपरेतला आहे हो.

रंगपट
पोरांचा आणि बायकांचा मुद्दा मान्य, तिथे बचाव नाही. पण 'दुकान' मान्य नाही. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, संयुक्त 'मानापमान'. गंधर्व मंडळीची भामिनी आणि ललितकलादर्शचा धैर्यधर. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, एकमेकांसमोर उभे राहून गायले. हे शक्य झालं कारण ती नाटकं त्यांच्या अंगात मुरलेली होती. आजचे दोन स्टार तारखा जुळवण्यातच वर्ष घालवतील.

तिसरी घंटा
तो टिळक स्वराज्य फंडासाठीचा खेळ होता, रोजची रीत नव्हे. आणि तुम्ही पुढचं सांगत नाही म्हणून मी सांगतो. तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. दमवून टाकणारं आयुष्य होतं ते. आपण फोटोतले फेटे बघतो आणि हळवे होतो.

(ललितकलादर्श त्यानंतरही टिकली, हे खरं. बापूराव पेंढारकरांनी उचलली, १९२२ ला मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' केलं, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी नेटाने चालवली. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. फुकट देतो.)

मागची रांग
दोघेही १९३५ च्या पुढे यायला तयार दिसत नाही! मी पुण्याची, वय विचारू नका.

'घाशीराम कोतवाल' मी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा पुढे बसले होते. ती ब्राह्मणांची ओळ गात, झुलत येते, आणि एकदम पाठ फिरवते. झालं, भिंत. मागे नानाचं काय चाललंय ते दिसत नाही, फक्त भिंतीवरच्या शेंड्या हलतात. पुन्हा वळते, की कीर्तन सुरू. मला मोजता आलं नाही की आधी कोण वळला. कुणीच आधी वळत नव्हता. याला म्हणतात मंडळी.

आणि ही मंडळी कोण? जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. सतीश आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे. बाकीचे बँकेतले, शाळेतले, कॉलेजातले. १६ डिसेंबर १९७२ ला पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या संस्थेतर्फे भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच तो थांबवला. मुलं बाहेर पडली, मार्च १९७३ मध्ये थिएटर अॅकॅडमी काढली, १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभं. त्याच वर्षी 'महानिर्वाण'. मग पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा', मग 'बेगम बर्वे'. साठा म्हणता तो हाच ना? पगार कुणालाच नव्हता. संध्याकाळी नोकरीवरून सुटून थेट तालमीला. तुम्ही पगार द्या, तालमीला लोक साडेपाचला घड्याळ बघतील.

रंगपट
मावशी, मला हे चित्र आवडतं आणि त्याचाच राग येतो. संध्याकाळी मोकळं होता येईल अशी नोकरी ज्याच्याकडे, तोच कलावंत? डॉक्टर, प्राध्यापक, बँकवाले ठीक. ज्याला दिवसभर हमाली आहे किंवा ज्याला दुसऱ्या जिल्ह्यातून यायचंय, त्याने काय करायचं? बिनपगारी मंडळी म्हणजे ज्यांचा पगार आधीच दुसरीकडून येतो त्यांची मंडळी.

आणि तुम्हीच नाव काढलं म्हणून. 'बेगम बर्वे' कुणाबद्दल आहे? संगीत नाटक कंपनीतला एक किरकोळ स्त्री पार्टी करणारा, कंपनी गेल्यावर उदबत्त्या विकतो आणि डोक्यात अजून पदं. तुमच्या बिनपगारी मंडळीचं सगळ्यात हळवं नाटक पगारी मंडळी मोडल्यावर उरलेल्या माणसाचं आहे.

मागची रांग
हे मात्र लागलं. पण बर्वेला कंपनीने काय दिलं होतं, तेही त्याच नाटकात आहे. पुन्हा वाचा.

बॅकस्टेजवाला
तुम्ही लोक नट-नट करताय. मी गाडीत असतो.

मागच्या थंडीत दौऱ्यावर एका बाईंच्या जागी दुसरी मुलगी आली, ऐन निघताना. रात्री बस चालू आणि मधल्या पॅसेजमध्ये तिची तालीम. एक चप्पल म्हणजे सोफा, दुसरी म्हणजे दार, पाण्याची बाटली म्हणजे सासरे. वळणावर बाटली घरंगळली, तर ती म्हणते, 'सासरे पडले, थांबा.' सगळी बस हसली. दुसऱ्या दिवशी तिने काम चोख केलं. मी विंगेत होतो, दार उघडताना तिचा हात अर्धा क्षण थांबला, कारण रात्री दार पायापाशी होतं. प्रेक्षकांना कळलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. नटाला नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळते, शिवाय मालिका असते, डबिंग असतं. आमच्यातल्या बहुतेकांना प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर चहा. लॉकडाऊनमध्ये कुणी भाजी विकली, कुणी गावी गेला तो परतलाच नाही. सरकारने मंडळी काढायचीच असेल तर पगार आधी नेपथ्यवाल्याला, प्रकाशवाल्याला, कपडेपटाला. जुन्या कंपनीत आचाऱ्यालासुद्धा महिना बांधलेला असायचा, असं आमचे मास्तर सांगत.

चौथा अंक
मी तिसऱ्याच बाजूने विरोध करतो. पगाराला माझी ना नाही, कायम नोकरीला आहे.

साधा हिशेब आहे. पंचवीस तरुण नट एका दिवशी घेतले की पंचवीस वर्षांनी मंडळीत पंचवीस पन्नाशीचे नट. मग शकुंतला कोण? नव्याला जागा नाही, कारण जागा भरलेल्या. सरकारी संचाला हा पेच चुकत नाही.

त्यापेक्षा कर्नाटकातल्या हेग्गोडूची 'नीनासम' ही नाट्यसंस्था बघा. के. व्ही. सुब्बण्णांनी १९८५ मध्ये 'तिरुगाट' हा तिचा फिरता संच सुरू केला. दरवर्षी संच बांधायचा, दोन-तीन नाटकं बसवायची, कर्नाटकभर फिरायचं. मग माणसं सुटतात, आपापल्या गावी जाऊन नाटक करतात. मंडळी टिकते, माणसं अडकत नाहीत. हे सगळं एका खेड्यातून चालतं! आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेतून दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांत चांगली पोरं दिसतात आणि बक्षीस घेऊन मुंबईच्या गाडीत बसतात. त्यांना दोन वर्षांचा पगार द्या आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसवा.

तिसरी घंटा
'तिरुगाट' चालेल, कारण ते सरकारी खातं नाही. माझी खरी भीती वेगळीच आहे. नाटक निवडणार कोण? पीडीएसारख्या खासगी संस्थेने 'घाशीराम' एकोणीस प्रयोगांवर थांबवलं. १९८० मध्ये तेच नाटक युरोपला निघालं तेव्हा केवढा गहजब झाला. हे सरकारी पगारावरचे लोक असते तर विसावा प्रयोग सोडा, पहिलाच झाला नसता. फाईल फिरत राहिली असती.

रंगपट
पण थांबवणारी संस्था सरकारी नव्हती ना? मग भीती फक्त सरकारचीच का? मुलांना बाहेर पडता आलं ते घरी पगार येत होता म्हणून. परत तिथेच आलो आपण.

'चौथा अंक', तुमचा दोन वर्षांचा हिशेब मला पटायला लागलाय. पाच करा. दोन वर्षांत 'सौभद्र' गळ्यावर चढत नाही.

चौथा अंक
तीन. आणि 'सौभद्र' रोज नको.

मागची रांग
दुसऱ्यांदा पाहिलं ते सांगायचं राहिलं. बऱ्याच वर्षांनी. भिंतीतले कितीतरी चेहरे नवे होते. भिंत तीच. कोण बदली आहे हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही, आणि मी ओळखायलाच बसले होते. ती पगाराने तशी झालेली नव्हती. नवा माणूस आधी कित्येक संध्याकाळी नुसता तालमीत बसला असणार.

रंगपट
रविवारच्या त्या बदली नटाला किती तालमी मिळाल्या असतील?

बॅकस्टेजवाला
सहसा दोन. दौऱ्यावर असलो आणि गाव लांब असलं, तर तीन.