पत्त्यांच्या खेळाचे १५४ डबे पलंगाखाली आहेत. पुन्हा टेबल घ्यावं का?

शाईवाला
नमस्कार मंडळी. इस्लामपुरात आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. आषाढी झाली की मुहूर्त संपतात आणि मशीन धूळ खात बसतं. त्या रिकाम्या दिवसांत मी पत्त्यांचा एक खेळ काढला. विषय आठवडी बाजार: संध्याकाळी भाव पडायच्या आत हातातली भाजी खपवायची. ५४ पानं. तेरा-एकोणीस इंची शीटवर १८ बसतात, म्हणजे तीन शीटमध्ये एक जोड. हिशेब इतका सुबक जमला की हुरळून जाऊन २०० डबे करून टाकले. चाळीस पाहुण्यारावळ्यांत वाटण्यात गेले.

गेल्या महिन्यात पुण्यात बोर्डगेमवाल्यांच्या दोन दिवसांच्या मेळाव्यात टेबल घेतलं. ६ डबे खपले, त्यातले २ मेव्हण्यानं घेतले. लोक यायचे, डबा उचलायचे, मागचं वाचायचे, "कन्सेप्ट भारी आहे काका" म्हणायचे आणि ठेवून जायचे. शेजारच्या पोराकडे तर डबाच नव्हता. पानं रबरबँडात, कोपरे कात्रीनं गोल केलेले. पण त्याच्याभोवती सतत चार जण बसलेले. माझं काय चुकलं? आता मुंबईच्या मीपलकॉनसारख्या बोर्डगेम मेळाव्याला जावं, की गप पत्रिका छापाव्यात?

रूरकाठचा
काका, एकच विचारतो. तुमच्या टेबलाला खुर्च्या किती होत्या?

मी जर्मनीत डॉर्टमुंडला राहतो, एसेन इथून रेल्वेनं अर्ध्या तासावर. तिथला बोर्डगेमचा 'श्पील' मेळा १९८३ पासून भरतो, ऑक्टोबरात चार दिवस. २०२४ ला दोन लाखांवर माणूस आलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या मांडवात मला गुदमरतं, मी कडेच्या छोट्या टेबलांवर रेंगाळतो. एकदा एका जपानी जोडप्याच्या टेबलावर बसलो. त्यांना जर्मन येईना, मला जपानी. बाईंनी काही न बोलता पानं वाटली, सगळ्यांची उताणी ठेवली, माझ्या पानांतलं एक बोटानं पुढं सरकवलं, मग स्वतःचं टाकलं आणि पडलेली पानं उचलून माझ्यापुढं ठेवली. तिसऱ्या हाताला मी त्यांच्यावर कुरघोडी करत होतो. दहाव्या मिनिटाला पाकीट काढलं. डब्यावर काय लिहिलंय ते आजही मला वाचता येत नाही.

तेव्हा नियम सांगत बसू नका. पहिले दोन हात उघडे खेळा. आणि पूर्ण डाव खेळवू नका, रंगात आला की उठवा.

दुसरं, २०० कशाला काढलेत? बाकीच्यांची अडचण ही असते की ऑफसेटवाला थोड्या प्रतींसाठी मशीन लावायला तयार होत नाही. म्हणून आधी पैसे गोळा करायचे. मुंबईच्याच मंडळींनी 'शासन' नावाचा बोर्डगेम २०१९ मध्ये असा किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या साइटवर, नेला. तुमच्या तर घरात छापखाना आहे हो! वीस काढा, संपले की आणखी वीस.

आयएसआयवाली
डब्यावर वय काय छापलंय? १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. खेळ खरोखर मोठ्यांचा असेल तर '१४+' लिहितात. पण नुसता आकडा टाकून सुटका नाही. डब्यावर हसरा टोमॅटो असेल तर तो पोरांचाच खेळ धरला जाऊ शकतो.

मोतीतलाव
थोडं अवांतर. मी सावंतवाडीची. आमच्याकडे राजवाड्यात गंजिफाचे पत्ते आजही हातानं रंगवतात. दशावतारी जोडाचे रंग १०, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२० गोल पानं. पर्यटक घेतात आणि घरी जाऊन फ्रेम करतात. खेळायचं कसं, हे विचारणारा विरळाच. पण "डाव दिवसा असेल तर रामाच्या रंगानं उघडतो आणि रात्री असेल तर कृष्णाच्या" एवढं सांगितलं की माणूस आधी घड्याळ बघतो आणि मग खाली बसतो. तुमच्या बाजारात असं काही आहे का? असेल तर 'या, बघा' म्हणायच्या आधी ते सांगा.

शाईवाला
खुर्ची एकच होती, तिच्यावर मी.

मोतीतलावताई, आहे की! पाऊस आला की सगळ्यांनी आपली अर्धी पानं शेजाऱ्याला द्यायची. मी ते नियमांच्या कागदावर चौथ्या घडीत छापलंय.

एक कबुलीही देतो. तिसरं शीट कटिंगला अर्धा मिलिमीटर सरकलंय. पाठीची किनार बघून आमची धाकटी 'भेंडी तुझ्याकडे' म्हणून सांगते. पुण्यात कुणी पकडलं नाही, कारण कुणी खेळलंच नाही.

आणि हो, डब्यावर '६ ते ६०' आहे. टोमॅटो हसतोय. स्टिकर मारू का?

आयएसआयवाली
स्टिकर नको. डबाच बदला.

शाईवाला
बरं. कटिंग माझंच, त्यामुळं भांडायला दुसरं कुणी नाही. तुळशीचं लग्न झालं की मशीन मला मिळायचं नाही, तोवर वीस नवे काढतो. रविवारी कुणी इस्लामपूरवरून जाणार असेल तर छापखान्यात या. मांडववाल्याकडून चार खुर्च्या सांगून ठेवल्यात.